जलप्रलय खरंच झाला होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

धर्मग्रंथ मोठ्यानं वाचायचे आणि मग त्यावर बोलत बसायचं, असा आमचा एक लहानसा गट आहे. देव साऱ्या पृथ्वीवर पूर आणतो आणि नोहा तारवात, म्हणजे मोठ्या नौकेत, बसून वाचतो, त्या बायबलमधल्या गोष्टीपाशी आलो, की कुणीतरी मला विचारतंच, "हे खरंच घडलं होतं का हो?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. साऱ्या पृथ्वीवरचे डोंगर पाण्याखाली गेले, अशी खूण भूगर्भशास्त्राला कुठंही सापडलेली नाही. आजच्या इराकमधल्या टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात मात्र गावंच्या गावं नेणारे पूर येत. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना तिथल्याच प्राचीन उर शहराच्या उत्खननात गाळाचा जाड थर लागला, तेव्हा हाच नोहाचा पूर, असं त्यांना वाटलं होतं. पण जवळच्याच अल-उबैदला खणलं तर तो थर नव्हता. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या, त्याच मुलखातून आलेल्या मातीच्या विटांवर हीच गोष्ट वाचली होती. माणसाचं नाव वेगळं, पण नौका तीच, डोंगरही तसाच आणि बाहेर सोडलेले पक्षीसुद्धा. पुराची ही आठवण त्या मुलखात पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकानं ती घेतली आणि तिला आपला अर्थ दिला.

बरेच जण एवढ्यावर समाधान मानतात. एकदा मात्र एक काकू मानेनात. त्यांचं घर आदल्या पावसाळ्यात पुरात गेलं होतं. नंतर भेटायला आलेल्या एकानं, नोहाचाच दाखला देत, त्यांना तोंडावर सांगितलं होतं की पूर ही पापाची शिक्षा असते. काकूंनी मला खालच्या आवाजात विचारलं, "तसं असतं का?"

तेव्हापासून 'खरंच घडलं का' या प्रश्नाच्या मागे हा दुसरा प्रश्न तर नाही ना, हे मी आधी चाचपून बघते. त्याचं उत्तर मी ठामपणे देते. नाही. आणि ते मी त्याच गोष्टीच्या आधारानं देते.

उत्पत्तीत पूर येतो तो शिक्षा म्हणूनच, हे मी लपवत नाही. सहाव्या अध्यायात कारण दिलं आहे: माणसाच्या मनात येतं ते सगळं वाईटच असतं. पण आठव्या अध्यायाच्या शेवटी काय आहे ते बघा. पाणी ओसरलंय, नोहानं वेदी बांधलीय, आणि देव म्हणतो की मी पुन्हा असं करणार नाही, कारण माणसाचं मन लहानपणापासून वाईटच असतं. ज्या कारणासाठी पूर आणला, तेच कारण आता पूर न आणण्यासाठी दिलं आहे! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते. एवढा पूर येऊन गेला आणि माणूस होता तसाच राहिला. बदलला तो देव. पुढच्या अध्यायात तो आपलं धनुष्य, म्हणजे इंद्रधनुष्य, ढगात ठेवतो आणि वचन देतो. तिथं वापरलेला हिब्रू शब्द लढाईतल्या धनुष्याचाच आहे. म्हणजे शस्त्र खाली ठेवलं गेलंय. तेव्हा आजच्या पुराला शिक्षा म्हणणाऱ्यानं नोहाची गोष्ट अर्धीच वाचलेली असते. ती अर्धी गोष्ट घेऊन कुणाच्या भिजलेल्या घरात जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

पाण्यात बुडालेल्या लेकरांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला त्या पानांवर मिळालेलं नाही. नोहानंही तो विचारलेला नाही. त्याच पुस्तकात पुढं सदोम नगर वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पण नोहा पुराच्या साऱ्या कथेत एक अक्षर बोलत नाही. त्याचं गप्प राहणं मला अजून टोचतं.

आपल्याकडच्या मनूच्या गोष्टीत तर पापाचा उल्लेखच नाही. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ती आहे, अगदी थोडक्यात. सकाळी हात धुवायला मनूला पाणी दिलंय आणि ओंजळीत एक मासोळी येते. ती म्हणते, मला सांभाळ, मी तुला पार नेईन. मोठे मासे लहानांना खातात, एवढंच भय ती सांगते. मनू तिला आधी घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर का येणार, याबद्दल तिथं चकार शब्द नाही. पुराणांनी पुढं या गोष्टीला कल्पान्ताचा पसारा जोडला. मला मात्र ती ओंजळीतली मासोळीच पुरते.

नोहाच्या गोष्टीतही असाच एक हात आहे. पहिल्यांदा सोडलेल्या कबुतराला टेकायला जागा मिळत नाही. ते परत येतं, तेव्हा नोहा हात बाहेर काढतो, त्याला धरतो आणि तारवात आपल्याजवळ घेतो. सगळं जग बुडालंय, आणि लिहिणारा थांबून सांगतोय की त्यानं हात बाहेर काढला.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, तरी त्यांचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं. पाणी ओसरल्यावर काय झालं ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी नोहा तारवाचं आच्छादन काढून बघतो, तर जमीन वर आलेली असते. तरी तो उतरत नाही. जमीन पुरती वाळते ती दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी, आणि त्यानंतर बाहेर ये असं देव सांगतो. मनूची नौका डोंगरापाशी नेल्यावर मासोळीनंही त्याला तसंच बजावलं होतं: पाणी जसजसं उतरेल, तसतसाच तू डोंगरावरून खाली उतर.

काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे जवळजवळ दोन महिने," त्या म्हणाल्या. "गाळ असणार. आम्हाला उंबऱ्याच्या आत पाय टाकायलाच एकवीस दिवस लागले."