शिसे, कॅडमियम आणि शिरीषाची रोपे: माझा अनुभव

जड धातूंनी दूषित झालेल्या मातीत झाडाचे कोवळे रोप कसे तग धरते, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी मी शिरीषाची रोपे शिसे आणि कॅडमियम मिसळलेल्या मातीत वाढवली. या दोन धातूंचा झाडाला काहीच उपयोग नसतो. जस्त आणि तांबे झाडाला अल्प प्रमाणात लागतात व जास्त झाले की बाधतात. शिसे आणि कॅडमियम यांची अशी गरजच नाही. तरीही ते मुळांतून आत शिरतात, कारण लोह, जस्त आणि कॅल्शियम आत घेण्याचे जे मार्ग मुळांत असतात, ते कॅडमियमसारख्या धातूला पुरते वेगळे ओळखू शकत नाहीत.

पहिली चाचणी बियांवर केली. शिरीषाच्या बियांचे टरफल कठीण असते, म्हणून त्या आधी गरम पाण्यात भिजवून घेतल्या आणि पेट्रीडिशमध्ये कॅडमियमच्या द्रावणात ठेवल्या. स्वच्छ पाण्यात जितक्या बिया रुजल्या, जवळजवळ तितक्याच या द्रावणातही रुजल्या. बियांचे आवरण धातूला बऱ्याच अंशी अडवते आणि अंकुर सुरुवातीला बियांतल्या साठ्यावरच वाढतो, त्यामुळे केवळ उगवणीच्या टक्केवारीवरून एखादी जात सहनशील ठरवणे मला योग्य वाटत नाही. द्रावणाला थेट भिडलेले आदिमूळ मात्र थोडेसे वाढून थांबले आणि त्याचे टोक तपकिरी पडले. मुळाची वाढ थांबणे हे या बाधेचे अगदी सुरुवातीचे लक्षण असल्याने पुढचा सगळा प्रयोग मुळांभोवती आखायचा, असे माझ्या मार्गदर्शक बाईंनी आणि मी ठरवले.

माती तयार करण्यात सर्वाधिक काळजी घ्यावी लागली. मातीत धातू घालायचा म्हणजे त्याचा क्षार घालायचा, आणि क्षाराचे वजन म्हणजे धातूचे वजन नव्हे. एक किलो मातीत १० मिलिग्रॅम कॅडमियम हवे असेल, तर निर्जल कॅडमियम क्लोराइड १६.३ मिलिग्रॅम लागते. बाटलीतल्या क्षारात पाण्याचे अडीच रेणू असतील, तर तेच वजन २०.३ मिलिग्रॅम होते. म्हणून बाटलीवरचे रेणुसूत्र वाचल्याशिवाय तराजूला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही पाळला. हातमोजे, मुखपट्टी आणि हवा बाहेर ओढणाऱ्या धुरांड्याखाली वजन करणे या गोष्टींत तर कसलीही सवलत नव्हती, कारण कॅडमियमची संयुगे कर्करोगकारक आहेत.

शिशाच्या बाबतीत वेगळा पेच होता. शिसे नायट्रेटच्या रूपात घातले की दर १०० मिलिग्रॅम शिशाबरोबर सुमारे १३.५ मिलिग्रॅम नत्रही मातीत जाते. म्हणजे ज्या रोपाला अधिक विष दिले, त्यालाच अधिक खतही मिळाले. शिवाय शिरीष शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात, आणि मातीत नायट्रेट वाढले की या गाठी आपोआप कमी होतात. गाठी शिशामुळे घटल्या की नत्रामुळे, हे मग सांगताच आले नसते. त्यामुळे प्रत्येक कुंडीत, धातू नसलेल्या कुंडीतही, एकूण नत्र सारखे होईल असा हिशेब करून उरलेले नत्र वेगळे घातले. स्फुरदयुक्त खत मुद्दाम टाळले, कारण फॉस्फेटबरोबर शिशाची अतिशय अविद्राव्य संयुगे तयार होतात आणि मुळांपर्यंत शिसे पोहोचतच नाही. क्षार मिसळल्यावर माती लगेच वापरली नाही; काही आठवडे ती आलटून पालटून ओली करून वाळू दिली, म्हणजे धातू मातीच्या कणांशी जसा मुरायला हवा तसा मुरतो. कुंड्यांखाली थाळ्या ठेवल्या आणि झिरपलेले पाणी त्याच कुंडीत परत ओतले.

वाढीच्या नोंदींबद्दल थोडक्यात सांगते. उंची, बुंध्याची जाडी, पानांची संख्या आणि हरितद्रव्य यांची मापे ठरलेल्या अंतराने घेतली. कॅडमियमच्या सर्वांत कमी मात्रेतली रोपे बराच काळ स्वच्छ मातीतल्या रोपांइतकीच, काही तर किंचित अधिक उंच होती. अत्यल्प मात्रेत विषारी पदार्थानेही वाढीला तात्पुरती चालना मिळते, ही शास्त्रात परिचित बाब आहे, आणि केवळ उंची मोजणारा अभ्यास इथे सहज चुकीच्या दिशेला जाऊ शकतो. वरच्या मात्रांत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह असते, पण कॅडमियम त्याच्या वाटेत आडवे येते.

मुळे पाहण्याचा दिवस या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होता. कुंडी आडवी करून मातीचा गोळा बारीक चाळणीवर ठेवायचा आणि पाण्याच्या मंद धारेखाली तंतुमुळे न तोडता माती सोडवायची, हे काम संयमाचे आहे. स्वच्छ मातीतल्या रोपांची मुळे फिकट, लांब आणि भरपूर फाटे असलेली होती. कॅडमियमच्या मधल्या मात्रेतल्या रोपांचा पानोरा अजून समाधानकारक दिसत होता, पण मुळे आखूड, जाडसर आणि टोकांना तपकिरी होती, आणि टोकाच्या मागे बोथट उपमुळे दाटीने फुटली होती. गाठी पात्याने कापून पाहिल्या. स्वच्छ मातीतल्या गाठी आतून गुलाबी होत्या, म्हणजे त्या काम करत होत्या. वरच्या मात्रेतल्या मोजक्या गाठी आतून फिकट हिरवट निघाल्या. इंग्लंडमधल्या वोबर्न येथील शेतात जड धातू असलेला सांडपाण्याचा गाळ टाकणे १९६१ मध्ये थांबल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी तिथल्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या गाठी नत्र स्थिर करू शकत नव्हत्या, कारण त्या मातीत टिकलेला जिवाणूच निष्प्रभ होता. त्या गाठी हातात असताना मला या नोंदीचे गांभीर्य नेमके कळले.

धुतलेली मुळे काही वेळ ईडीटीए या धातूला बांधून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवून मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली. पृष्ठभागाला चिकटलेला धातू काढला नाही, तर तो मुळांनी शोषलेला धातू म्हणून मोजला जातो. नंतर मुळे, खोड आणि पाने वेगवेगळी वाळवून, दळून, नायट्रिक आम्लात विरघळवली आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर (किती प्रकाश शोषला गेला यावरून ते धातूचे प्रमाण सांगते), कॅडमियमसाठी २२८.८ नॅनोमीटर तरंगलांबीवर, तपासली. प्रत्येक गटाबरोबर केवळ आम्ल असलेला कोरा नमुना आणि धातूचे प्रमाण आधीच ठाऊक असलेली पानांची प्रमाणित भुकटीही लावली, कारण त्यांच्याशिवाय आलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नसता.

शिसे जवळजवळ सगळे मुळांतच अडकलेले होते. पेशीभित्तिकेतली पेक्टिन नावाची चिकट द्रव्ये त्याला धरून ठेवतात आणि मुळाच्या आतल्या थरातली कॅस्पेरियन पट्टी त्याला पुढे जाऊ देत नाही. कॅडमियमचाही मोठा वाटा मुळांत होता, पण पानांपर्यंत पोहोचलेला भाग दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. पेशी या धातूला फायटोकेलॅटिन नावाच्या लहान पेप्टाइडांनी बांधून रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत, कोंडून ठेवतात. वनस्पतींत या पेप्टाइडांचा शोध १९८५ मध्ये लागला, तो सर्पगंधेसह काही वनस्पतींच्या पेशींमध्ये. कॅडमियम असे कोंडले गेले की पान हिरवे राहू शकते, पण धातू पानातच असतो.

म्हणूनच गळालेली प्रत्येक पानपत्री मी कुंडीगणिक पाकिटात जमवून स्वतंत्रपणे तपासली. तिच्यातही कॅडमियम सापडले, म्हणजे पानगळीबरोबर मुळांनी खालून ओढलेला धातू पुन्हा मातीच्या वरच्या थरात येत होता. शिरीषाचा पाला गुरे खातात, त्यामुळे प्रबंधात मी स्पष्ट लिहिले की शिशाने दूषित जमिनीवर धूळ धरून ठेवण्यासाठी या जातीचा विचार करता येईल, मात्र कॅडमियमने दूषित जमिनीवर पाल्याची तपासणी आणि चराईबंदी यांशिवाय ती लावू नये. वापरलेली माती, वाळलेली रोपे आणि आम्लाचे अवशेष नावनिशीवार डब्यांत भरून घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी सोपवले.