तुम्ही विचारलंत म्हणून: हेड उलटं बसवावं का?

हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण. जुन्या मोटारसायकलींचं वेड असलेली माणसं भेटली की हा प्रश्न हमखास येतो. "हेड फिरवून बसवलं तर? कार्बोरेटर पुढे, सायलेन्सरचे पाइप मागे. गार वारा थेट इंजिनात, ताकद वाढणारच!" यामाहाने २०१० च्या वायझेड४५०एफ या मोटोक्रॉस गाडीवर हीच रचना आणली, त्यामुळे कल्पना हवेतली नाही. पण जुन्या इंजिनांचा विचार करताना आधी पुशरॉड, म्हणजे खालून हेडमधल्या रॉकरना (छोट्या तरफांना) ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कांड्या, कुठे आहेत ते बघा.

आपल्याकडे पहिला विचार बुलेटचा होतो. जुन्या बुलेटचे दोन्ही पुशरॉड इंजिनाच्या उजव्या अंगाने वर जातात. हेड अर्धा फेरा फिरवलं की पुढचं मागे जातं, तसंच उजवंही डावीकडे जातं. पुशरॉड उजवीकडे आणि रॉकर डावीकडे! तेव्हा बुलेटचा विषय तिथेच संपतो.

ब्रिटिश ट्रायम्फच्या जुन्या ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. डिझायनर एडवर्ड टर्नरच्या १९३७ च्या स्पीड ट्विनपासून १९५९ च्या बॉनव्हिलपर्यंत आणि त्यानंतरही मूळ मांडणी तीच राहिली: दोन कॅमशाफ्ट (उंचवट्यांनी पुशरॉड ढकलणारे फिरते दांडे), एक सिलिंडरांच्या पुढे, एक मागे. पुशरॉडच्या नळ्या दोन सिलिंडरांच्या मधोमध, एक पुढे, एक मागे. म्हणून इथे हेड फिरवलं तरी पुशरॉडना रॉकर सापडतात. टर्नरच्या डोक्यात हा विचार नक्कीच नसणार, पण त्याच्या रेखाटनातला समतोल बघून मला आजही भारावून जायला होतं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पुढची कॅमशाफ्ट एक्झॉस्टची, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारी, आणि आता तिच्या डोक्यावर इनटेकचे, म्हणजे ताजं मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह आलेत. नुसतं हेड फिरवून किक मारली तर जळालेला वायू कार्बोरेटरमधून बाहेर येईल. इनटेक व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तो पिस्टन टॉपवरून (सर्वांत वरच्या जागेवरून) निघाल्यावर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) साधारण १०५ अंश फिरते तेव्हा, आणि एक्झॉस्टचा टॉपच्या जवळपास तितकाच आधी. म्हणजे फरक क्रँकच्या सुमारे २१० अंशांचा. कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरते, तेव्हा तिला सुमारे १०५ अंश सरकवायचं. दोन्ही शाफ्टची अदलाबदल करून भागत नाही, कारण त्यांची टोकं वेगळी आहेत. १९६३ नंतरच्या ६५० सीसी इंजिनात इग्निशनचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) पुढच्या शाफ्टच्या टोकावर असतात, तर ऑइल पंप मागच्या कॅमच्या गिअरवरून चालतो. तेव्हा शाफ्ट जागेवरच ठेवायच्या, कॅमचं टायमिंग नव्याने लावायचं आणि मग पॉइंटही नव्याने जुळवायचे.

एवढं करून मिळतं काय? वाऱ्याच्या दाबाबद्दल लोकांच्या फार मोठ्या अपेक्षा असतात. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. ताकदीत तो जाणवणार नाही. उलट तेवढाच दाब कार्बोरेटरचं गणित बिघडवू शकतो: तोंडावर वारा आदळतोय आणि फ्लोट चेंबरवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीवर) नाही, असं झालं की पेट्रोल कमी खेचलं जातं आणि वेगात मिश्रण पातळ होतं. गार हवेचा फायदा मात्र खरा आहे. हवा तीन अंश सेल्सिअस गार मिळाली की ती सुमारे एक टक्का दाट होते, आणि तापलेल्या ब्लॉकमागची हवा पुढच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते.

पण याची किंमत एक्झॉस्ट मोजतो, आणि माझा आक्षेप इथेच आहे. हेडचा सर्वांत तापणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात तो पुढे असतो, कारण ताजा वारा तिथे आधी पोचतो. त्याला मागे नेलं की वाट्याला उरते फिनांमधून (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधून) तापून आलेली संथ हवा. यामाहाला हे परवडलं, कारण त्या इंजिनात पाणी फिरतं. शिवाय १९७१ च्या आधीच्या ६५० ट्रायम्फमध्ये तेलाची टाकी सीटखाली उजव्या बाजूला आहे. मागून निघालेले पाइप तिच्या शेजारून जाणार, म्हणजे जे तेल इंजिन थंड ठेवतं तेच तापवायचं. पुढे कार्बोरेटरना फ्रेमच्या नळीची अडचण, पुढच्या चाकाची धूळ, आणि आपल्याकडचा पाऊस.

म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझं उत्तर नाही असंच आहे, मे महिन्यातल्या विदर्भात तर मुळीच नाही. सरळ रेषेत काही सेकंदच धावायचं असेल, तर तापायला वेळच मिळत नाही. तिथे हा प्रयोग करण्याजोगा आहे, आणि हातात जास्तीचं इंजिन असेल तर जरूर करा. मात्र इनटेकचे व्हॉल्व्ह मोठे असतात आणि पिस्टनवरचे खाचे त्यांच्या मापाने कापलेले असतात, हे विसरू नका. पिस्टनवर मऊ क्ले लावा, हेड बसवा, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मग उघडून क्लेची जाडी मोजा; व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये तेवढंच अंतर आहे. किक त्यानंतर.