तुम्ही विचारलंत म्हणून: हो, रेड वाइनसुद्धा गार करूनच प्यायची

"रेड तर रूम टेंपरेचरला पितात ना? मग तुम्ही ती फ्रिजात का ठेवता?" नागपुरात हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकते.

रूम कुठली, ते आधी ठरवा. हा नियम युरोपातल्या थंड घरांमधला, तिथल्या खोलीत १६-१८ अंश असायचे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि कूलर लावलेल्या खोलीतही तिशीच्या आसपास. तेवढ्या उबेला १४ टक्के अल्कोहोलची शिराझ (एक जड रेड) ओतली की आधी अल्कोहोल नाकात शिरतं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि चव सैल पडते. म्हणून शिराझ किंवा कॅबर्नेसारखी जड रेड १६ ते १८ अंश, पिनो न्वारसारखी हलकी रेड १२ ते १४, बुडबुड्यांची स्पार्कलिंग ६ ते ८. रेड फारच गार झाली तर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा, जास्त जाणवतो आणि वास मिटतो, हेही खरं. फ्रिजातून काढून थेट ग्लासात ओता, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, पाणी टेकतं. तापलेली रेड साधारण पंधरा मिनिटांत जागेवर येते, स्पार्कलिंगला अर्धा तास लागतो. ग्लासात थोडीथोडीच ओता, कारण इथे ती बघता बघता तापते.

पण खरं नुकसान त्याच्याही आधी झालेलं असतं, आणि ते कोणी विचारत नाही. नाशिकजवळच्या दिंडोरीची चांगली ब्रूट (कमी गोड स्पार्कलिंग) घेतली, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडी उन्हात लावली, तासाभराची दुसरी कामं केली. बंद गाडीत पारा साठीच्या घरात जातो. वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने थेंब पाझरून चिकट ओघळ येतो आणि त्याच वाटेने पुढे हवा आत शिरते. रेडमध्ये ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या मुरांब्याचा वास येतो. स्पार्कलिंगमध्ये मुळातच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, तो उष्णतेने आणखी चढतो. ती बाटली तापलेली असतानाच उघडली तर अर्धी फेसातच जाते. नंतर कितीही गार करा, फेस आवरेल. गेलेला ताजेपणा येणार नाही. मग ग्लास ठेवून लोक म्हणतात, "भारतीय वाइन अशीच असते." याचा मला मनापासून त्रास होतो. दोष द्राक्षाचा नाही, त्या एका तासाचा आहे. दुकानातही काचेच्या तावदानात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. आवरणाखाली बूच वर आलेलं बोटाला कळतं.

उघडताना तारेच्या जाळीला सहा अर्धे फेरे असतात. ती सैल केल्यावर अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. हलका फुस्स आवाज पुरे. चाखायला माणशी ५० मिली, म्हणजे एका बाटलीत पंधरा जण. आधी स्पार्कलिंग, मग हलकी रेड, शेवटी जड. लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' दिसलं तर ती ब्रूटपेक्षा गोड असते, हे लक्षात ठेवा.

सोबत काय? सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी) आणि ब्रूट, यात मला शंका नाही. तळणीचा तेलकटपणा वाइनचा आंबटपणा आणि बुडबुडे धुऊन काढतात. नागपूरच्या झणझणीत सावजी मटणाचा प्रश्न मात्र मलाच छळतो. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आगीत तेल ओततात, म्हणून पूर्वी मी सावजीसोबत वाइनच नको म्हणत असे. आता वाटतं, कमी टॅनिनची फळदार रेड १२ अंशांवर चालेल किंवा किंचित गोड स्पार्कलिंग. पण बुडबुडेही तिखट जिभेला टोचतात, त्यामुळे जुनं मत पुरतं सोडवत नाही. तर्री जरा कमी घ्या म्हणावं, तर ते सावजी उरत नाही.