सहज विचारून बघा

पूर्वी पुस्तक छापून आलं की लेखकाचे दोन प्रश्न ठरलेले असत. परीक्षण कुठे येणार आणि प्रकाशनाला कोण येणार? आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे आणि तो विचारताना लेखकाचा आवाज जरा खाली येतो. 'ते पॉडकास्टचं काही जमेल का हो?' मी पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत काम करते. कागदोपत्री माझ्याकडे विक्री आणि प्रसिद्धी आहे. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस कुणाला तरी कुणाच्या तरी माइकसमोर नेऊन बसवण्याच्या खटपटीत जातो.

आवाज खाली का येतो, हे पुण्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. इथे वक्त्यांची टंचाई कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हे शहर उन्हाळ्याच्या संध्याकाळी खुर्चीत बसून दुसऱ्याचं ऐकतंय आणि मनात म्हणतंय, यापेक्षा आपण बरं बोललो असतो. पण व्यासपीठावर जायचं तर बोलावणं यावं लागतं. आणि बोलावणं मागायचं नसतं, ते आपण होऊन आलं असं दिसावं लागतं. मग मधला कुणीतरी गाठायचा, त्याने कुणाकडे तरी शब्द टाकायचा, आणि पत्र आलं की आपण 'अरे वा, माझं नाव कसं काय सुचलं बुवा यांना!' असं म्हणायचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं. पुढे कधीतरी आमच्या आजोबांना तिथून एका भाषणाचं बोलावणं आलं होतं. भाषण झालं, हवेत विरून गेलं. ते पत्र मात्र विम्याच्या कागदांबरोबर कपाटात जपलेलं होतं. शब्द कुणी टाकला होता, ते आजीला माहीत होतं. ती शेवटपर्यंत बोलली नाही.

पॉडकास्ट करणाऱ्या मुलांना या सोवळ्याओवळ्याचा पत्ता नाही. आणि त्यांना तेवढी उसंतही नाही. आठवड्याला एक एपिसोड म्हणजे वर्षाला पन्नासएक पाहुणे झाले. पहिले दहा मित्र असतात, पुढचे दहा मित्रांचे मित्र. त्यानंतर कोरड पडते. त्यांच्या मोबाइलमध्ये इच्छुकांचे मेसेज साठलेले असतात, हे खरं. पण त्यातले बहुतेक 'मला तुमच्या शोमध्ये यायला आवडेल' एवढ्यावर थांबलेले. यायला आवडेल ते कळलं, पण येऊन बोलणार काय? विषय नीट बांधून कुणी पुढे ठेवला तर त्या मुलांवर उपकारच होतात. ही गोष्ट मी आमच्या लेखकांना सांगून थकले. त्यांना अजूनही वाटतं, आपण हात पसरतोय.

लेखक जी नावं घेतात तीही ठरलेली. अमुक तमुक, मित्रम्हणे, व्हायफळ. नावं चांगलीच आहेत, म्हणून तर तिथे रांग आहे. मी रांगेत नंबर लावून ठेवते आणि लहान दुकानांकडे वळते. नुसत्या गडकिल्ल्यांवर बोलणारं कुणी असतं, नुसतं शेतीवर, नुसतं लहान मुलांच्या आईबापांसाठी. ऐकणारे शे-दोनशे का असेनात, पण ते त्याच विषयाचे वेडे असतात आणि पुस्तक वेडेच विकत घेतात.

हे छोटे शो सापडतात कसे, याचं माझं तंत्र अगदी साधं आहे. आपल्या लेखकाच्या विषयातला दुसरा बोलका माणूस शोधायचा आणि तो कुठे कुठे बोलून आलाय, ते बघत जायचं. इंग्रजीसाठी लिसन नोट्ससारखं शोधयंत्र आहे, पॉडचेझरवर तर पाहुण्यांच्या नावाने एपिसोड लावलेले सापडतात. मराठीत मात्र यूट्यूबच बरं. आपल्याकडे पॉडकास्ट ऐकण्यापेक्षा बघितलाच जास्त जातो. कानाने ऐकायची गोष्ट आपण परत डोळ्यांवर नेऊन ठेवली, याची मला जरा गंमत वाटते. गूगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲप 2024 मध्ये बंद केलं आणि श्रोत्यांना यूट्यूब म्युझिककडे पाठवलं, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

शो सापडला की पत्ता शोधायचा. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड, म्हणजे नवा एपिसोड आला की ॲपला कळवणारी यादी. ॲपलने 2005 साली आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले. त्यांच्या पद्धतीत त्या फीडमध्येच मालकाचं नाव आणि ईमेल लिहायची जागा आहे. जाहिरातवाल्यांच्या त्रासामुळे आता पुष्कळ ठिकाणी तो ईमेल झाकलेला असतो, पण जुन्या फीडमध्ये उघडा सापडतो. यूट्यूब चॅनेलच्या माहितीतही ईमेल दाखवायचं बटण असतं, फक्त आधी आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं. दोन्हीकडे डाळ शिजली नाही तर इन्स्टाग्राम आहेच. खरं सांगायचं तर मराठीतली बहुतेक कामं शेवटी तिथल्या मेसेजवरच होतात, आणि तीही रात्री अकरानंतर.

पाहुणे आणि यजमान यांची गाठ घालून देणारी स्थळंही आहेत. पॉडमॅच, मॅचमेकर अशी त्यांची नावं. आपण फोटो आणि माहिती टाकायची, समोरच्याने अपेक्षा लिहायच्या. सगळा कारभार वधूवर सूचक मंडळासारखा. तिथेही प्रत्येकजण मनमिळाऊ असतो आणि प्रत्येकाला प्रवासाची आवड असते. व्यवस्थापनावर इंग्रजीत लिहिणाऱ्या आमच्या एका लेखिकेचं नाव मी तिथे घातलं आणि अमेरिकेतून खरंच बोलावणं आलं. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. बाई वेळेच्या नियोजनावर बोलत होत्या आणि खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे' चाललं होतं. होस्टला ते इतकं आवडलं की त्याने कापलंच नाही.

पण ज्यांच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले, ते आमचे सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि पेशव्यांच्या नळाच्या मागे लागले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातलं पाणी दगडविटांच्या बंदिस्त नळातून शहरात आणलं. ते शनिवारवाड्यात गेलं आणि ठिकठिकाणच्या हौदांतही खेळलं. बदामी हौद, फडके हौद, साततोटी ही नावं आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो, पण सरांना त्यांच्या खालचं पाणी दिसतं. सरांनी यावर पुस्तक लिहिलं, आम्ही काढलं, आणि एक दिवस ऑफिसात चहा घेता घेता ते म्हणाले, "माझा काही आग्रह नाही. पण त्या मुलांना सहज विचारून बघा. मी सांगितलंय असं मात्र म्हणू नका."

आणि खिशातून मजकूर काढला. सविनय नमस्काराने सुरुवात, मग 'गेली चाळीस वर्षे', मग पुरस्कार, मग समित्या, आणि शेवटी 'योग्य वाटल्यास विचार व्हावा'. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. नळाचा उल्लेख दुसऱ्या पानावर.

मी म्हटलं, "सर, हे राहू द्या. मला सांगा, रस्त्यावरून जाताना तो नळ दिसतो का कुठे?"

"नळ कसा दिसेल? तो जमिनीत आहे. उच्छ्वास दिसतात."

"म्हणजे?"

"अहो, हवा खेळायला बांधलेले मनोरे. खाली पाणी कोंडू नये, साफसफाईला उतरता यावं, म्हणून ठेवलेत. लोक त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालतात."

झालं. मेल तिथेच तयार झाला. 'पुण्याच्या पोटात अडीचशे वर्षांहून जुना नळ आहे. तो श्वास कुठून घेतो, हे ओळखता येणारा माणूस सदाशिव पेठेत राहतो.' एवढं वर. खाली आणखी दोन ओळी, आणि काम त्या दोन ओळींनी केलं. गडकिल्ल्यांवरच्या एका पॉडकास्टचा सिंहगडच्या देवटाक्याचा एपिसोड मी भाकरी भाजताना ऐकला होता. त्यात होस्टने मध्येच विचारलं होतं, गडावर टाकी होती, मग खाली शहरात लोक प्यायचे काय? पाहुण्याला तानाजी गाठायचा होता, त्याने प्रश्न तसाच सोडला. मी लिहिलं, 'तुमचा तो प्रश्न राहून गेला होता. उत्तर आमच्याकडे आहे.' संध्याकाळी फोन आला. "ताई, सर शनिवारी मोकळे आहेत का?"

या कामात ऐकण्यावाचून सुटका नाही, ती अशी. निदान दोन-तीन एपिसोड पुरते ऐकल्याशिवाय मी कुणाला लिहीत नाही. काही शो त्या ऐकण्यातच बाद होतात. होस्ट पाहुण्याला बोलूच देत नसेल तर आपला माणूस तिथे नेऊन फक्त मान हलवायला का बसवायचा? आणि काही शो त्यांच्या उत्तरावरून बाद होतात. हल्ली पाहुण्याकडूनच पैसे मागायची एक पद्धत निघाली आहे, वर त्याला 'कोलॅबरेशन पॅकेज' असं गोंडस नाव. पैसे देऊन बोलायचं असेल तर ती जाहिरात झाली. तसं लेबल लावा, असं जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच सांगून ठेवलंय. मी एवढंच विचारते, 'लेबल लावणार ना?' पुढे उत्तर येत नाही.

रेकॉर्डिंग कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये. भिंतींना काळा फोम, खिडकीला गादी, मे महिना, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. सर कडक इस्त्रीचा झब्बा घालून आलेले. त्यांनी सभागृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा 'नमस्कार' घातला आणि हेडफोन लावलेल्या मुलाने कानांवरून हात नेले. मग खरी अडचण आली. 'प' म्हणताना ओठांतून हवेचा जो झोत सुटतो तो माइकवर आदळतो आणि तिथे फट्‌ असा आवाज येतो. सरांचा सगळा विषयच पुणे, पेशवे आणि पाणी. त्या मुलाने माइकपुढे जाळी लावली, माइक थोडा तिरका केला आणि सरांना वीतभर मागे बसवलं. सर म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर निजामावर लिहिलं असतं."

नंतर मात्र ते रंगले. टेबलावर बोटाने नकाशा काढू लागले. कात्रज इथे, इकडून असा उतार, हा इथे वळला. होस्ट हळूच म्हणाला, "सर, गाडीत ऐकणाऱ्यांना बोट दिसत नाही." सर थांबले, आणि त्या उताराचं त्यांनी असं काही वर्णन केलं की पुस्तकात ते तसं नाही. मी संपादकाला सांगून ठेवलंय, दुसऱ्या आवृत्तीत घ्या म्हणून. शाल नाही, श्रीफळ नाही. सरांना शोचं नाव छापलेला एक मग मिळाला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

पुस्तकं किती खपली, असं आमचे मालक विचारतात. खपली थोडीफार. पण एपिसोड लागल्यावर लोक सरांना फोटो पाठवायला लागले. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात हे दगडी काय आहे, आमच्या वाड्याच्या मागे हे काय उभं आहे. त्यातले बरेचसे भलतेच काही निघतात. कुणी जुनी कचराकुंडी पाठवली होती. सर प्रत्येकाला उत्तर देतात, कचराकुंडीलासुद्धा.

आणि रेकॉर्डिंग संपल्यावर होस्टने नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, अजून कुणाला बोलवावं?" पुढचा पाहुणा पुष्कळदा या प्रश्नातूनच निघतो, म्हणून आमच्या लेखकांना मी उत्तर आधी ठरवून न्यायला सांगते. सरांना मी आमच्याच दोघांची नावं लिहून दिली होती. त्यांनी तो कागद घडी घालून मगात ठेवला आणि एका हौदाच्या सालावरून ज्यांच्याशी त्यांचा वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारात वर्षभर वाद चालला होता, त्या गृहस्थांचं नाव घेतलं. ते आमचे लेखक नाहीत. होस्टचे डोळे चमकले. "दोघांना एकत्रच बोलावू का?"

"बोलवा की," सर म्हणाले. "फक्त पंखा चालू ठेवा. तासाभरात आटपणार नाही."