लंबगोल

दोन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर आमच्या सोसायटीतला आंबा छाटला, तेव्हा फूटभर जाडीचा एक ओंडका मी रिक्षात घालून कातारीकाकांकडे नेला. वॉचमनने विचारलं, "बंबात घालायला?" मी म्हटलं, "नाही, वाडगा करायला." त्याने ओंडका उचलून दिला, पण चेहरा बंबाचाच ठेवला.

काका जन्मभर लाटणी, रव्या आणि पाळण्याचे कातीव गज करत आलेले. त्यांच्या लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातायच्या यंत्रावर, रविवारी दोन तास बसायची मुभा मला कशी मिळाली ही वेगळी गोष्ट आहे. वाडग्याचं ऐकून तेही म्हणाले, "ताई, स्टीलचा मिळतो की." पण ओंडका हातात घेऊन, उलटासुलटा करून, त्यांनीच तो गाभ्यातून उभा फोडला. गाभा वाडग्यात राहिला तर वाळताना तिथूनच तडा जातो.

लाटणं आणि वाडगा एकाच यंत्रावर होतात, पण त्यांचं नातं सख्खं नाही. लाटण्यात लाकडाचे रेषे आसाच्या दिशेने झोपलेले असतात, पटाशी त्यांच्यावरून अलगद जाते. वाडग्यात तेच रेषे आडवे. म्हणजे एका फेऱ्यात दोनदा पटाशीपुढे रेषांची कापलेली टोकं येतात आणि दोनदा त्यांच्या कुशी. आधी टक-टक-टक असा आवाज येतो, मग आकार गोल होत जातो तसा त्याचा सूर लागतो. बाहेरून कापायचं ते बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे. उलट गेलात की रेषे उपटले जातात आणि लाकूड उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. मी उलट गेले. काकांनी लेथ बंद न करता फक्त मान हलवली.

ओल्या आंब्याचा कीस मात्र बघावा! पटाशी नीट टेकली की गोल पटाशीच्या नळीतून लांबच लांब ओलसर फिती उडतात, केसांत, ब्लाउजच्या बाहीत, काकांच्या चहात. वास कैरीचा येत नाही, मी मुद्दाम हुंगून पाहिलं.

पहिल्या दिवशी वाडगा पुरा करायचा नसतो. आठ इंची वाडग्याची भिंत दोनेक सेंटिमीटर जाड ठेवून थांबायचं. मग रेषांच्या उघड्या टोकांना मेण फासायचं, कारण पाणी तिथूनच घाईने पळतं, आणि तो पलंगाखाली ढकलून विसरून जायचं. मी सात महिने विसरले, म्हणजे रोज काढून बघत होते. आंब्याच्या लाकडाला बुरशी फार लवकर लागते. माझ्या वाडग्याच्या एका कुशीत निळसर-करडे पट्टे उतरले होते, पावसाळी आभाळासारखे. बाजारात याला डाग म्हणतात. मला ते आवडले, म्हणून मी नक्षी म्हणते.

आणि तो गोल राहिला नव्हता. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे काठ एका दिशेने पाऊण सेंटिमीटर कमी भरत होता. जाड भिंत ठेवायची ती यासाठीच. पुन्हा लेथवर चढवून मी तो परत गोल केला, भिंत सहा मिलिमीटरवर आणली. शेवटचे काही मिलिमीटर जीव मुठीत धरून कापले. बुडाला भोक पडून नाचणी गाळायची चाळणी झालेले दोन वाडगे त्याआधी माझ्या नावावर होते.

पॉलिश पेपरचं काम कुणी हौसेने करत असेल असं मला वाटत नाही. खरखरीत 80 नंबरापासून 120, 180, 220 करत बारीक 320 पर्यंत, असा एकेक जिना चढायचा. एक पायरी गाळली तर त्या क्षणी कळत नाही. तेल लागलं की सगळे ओरखडे पोट उघडं टाकून झोपलेले दिसतात.

आता तेल कोणतं? लहानपणी सावंतवाडीला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवलेली पाहिली होती. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि रंगाची चकाकी दिसते. माझा जीव तिथेच अडकलेला. पण लाखेला गरम वरण सोसत नाही, ती मऊ पडते. खोबरेल आणि शेंगदाणा तेल कधी सुकत नाहीत, चिकट राहतात, मग खवटतात. जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. साधं घाण्याचं घेतलं, पातळ हात फिरवला, पुसलं, चार दिवस थांबले, पुन्हा फिरवला, असं पाच वेळा. घरभर आईच्या जवसाच्या चटणीचा वास. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नयेत, सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. काकांनी हे तीनदा सांगितलं, एवढं ते एरवी काहीच सांगत नाहीत.

मेमध्ये वाडगा पुरा झाला. स्टीलची एक जुनी ताटली काठावर अशी बसली की वाटावं, मापानेच केलीय. जुलैत ती बसेना. लाकडाने हवेतलं पाणी प्यायलं होतं, पुन्हा आडवं फुगलं होतं, आणि दोन बाजूंना नखभर फट दिसत होती.

चिडून काकांकडे घेऊन गेले. त्यांनी ताटली उचलली, वाडगा नाकाशी नेला, काठावरून अंगठा फिरवला.

"लसूण ठेवा," म्हणाले. "लसणाला हवा लागतेच."