बाल्टिमोरहून सोलापूरच्या प्रयोगशाळांसाठी: काजव्याच्या उजेडात तांबड्या पेशींचं एटीपी

काजव्याला चमकायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं, हे 1947 साली विल्यम मॅकएलरॉय यांनी इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखवलं. त्यासाठी गावातली मुलं पैसे घेऊन काजवे पकडून देत. आता ल्युसिफेरेज, म्हणजे काजव्याचं उजेड पाडणारं एन्झाइम, जिवाणूंमध्ये तयार होतं आणि कुपीत मिळतं. एटीपी जितकं जास्त, तितका उजेड जास्त, म्हणून उजेडावरून एटीपी मोजता येतं. रक्ताच्या तांबड्या पेशींतलं एटीपी असं कसं मोजायचं, हे सोलापुरातून विचारणारे विद्यार्थी आधी ल्युमिनोमीटरबद्दल, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राबद्दल, विचारतात. आमच्या मते निकाल बिघडतो तो यंत्रापर्यंत पोचण्याआधीच.

तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) नसतात, त्यामुळे सगळं एटीपी ग्लुकोज तोडूनच बनतं. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून नमुना आणायचा तर हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत, बर्फाच्या डब्यात आणा. नळी बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेली पेशी फुटते. प्लाझ्मा काढताना वरचा पांढरट थरही काढा, कारण प्लेटलेट्सच्या कणांत भरपूर एटीपी असतं. मग गार सलाईनने तीनदा धुवून पेशींचं निम्म्याला निम्मं द्रावण करा. निव्वळ पेशी घट्ट असतात, पिपेटला चिकटतात आणि माप चुकतं.

खरी घाई पेशी फोडताना. फुटलेल्या पेशीतली एन्झाइम्स एटीपी खाऊ लागतात, म्हणून ती त्याच क्षणी निकामी व्हायला हवीत. उकळत्या ट्रिस-ईडीटीए बफरच्या 900 मायक्रोलिटरमध्ये 100 मायक्रोलिटर द्रावण सोडा, लगेच ढवळा, 3 मिनिटं उकळत ठेवा, बर्फात गार करा आणि सेंट्रीफ्यूज करा. वरचं पाणी नितळ हवं. लालसर दिसलं तर तो नमुना टाकून द्या: हिमोग्लोबिन 540 ते 577 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं आणि काजव्याचा उजेड नेमका 560 च्या आसपासचा. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लानेही पेशी फुटतात, पण ते उरलं तर ल्युसिफेरेजला दाबतं.

हे वरचं नितळ पाणी आणखी 1000 पट पातळ करा. निरोगी रक्तात दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे साधारण 4 मायक्रोमोल एटीपी असतं, म्हणजे इथे 60 ते 70 नॅनोमोलर भरायला हवं. तुलनेसाठी प्रमाणित द्रावणं (एटीपीचं प्रमाण माहीत असलेली) 10 ते 1000 नॅनोमोलरची ठेवा. प्लेटच्या खळग्यात 10 मायक्रोलिटर नमुन्यात 90 मायक्रोलिटर मॅग्नेशियमयुक्त ल्युसिफेरिन-ल्युसिफेरेज घाला, पीएच 7.8. ल्युसिफेरिन म्हणजे ज्यापासून एन्झाइम उजेड काढतं तो पदार्थ. वाचन झाल्यावर त्याच खळग्यात माहीत असलेलं एटीपी टाकून पुन्हा वाचा. वाढ अपेक्षेपेक्षा कमी आली तर काहीतरी उजेड दाबतंय. नमुना अजून पातळ करा. ही पायरी वगळलेला आकडा आम्ही मानत नाही. शेवटी मूळ पेशी-द्रावणाचं हिमोग्लोबिन ड्रॅबकिनने (हिमोग्लोबिन मोजायच्या अभिकर्मकाने) मोजून एटीपीच्या आकड्याला त्याने भागा.

सोलापूरच्या मे महिन्यात खोली 40 अंशांवर जाते. ल्युसिफेरेज 25 अंशांजवळ चांगलं चालतं. 30 च्या वर ते हळूहळू मरतं आणि सकाळच्या प्रमाणित द्रावणांवरून काढलेली रेषा दुपारी लागू पडत नाही. एसी नसेल तर काम पहाटे करा आणि प्रमाणित द्रावणं प्रत्येक प्लेटवर नमुन्यांसोबतच लावा. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून अभिकर्मक एका दिवसाच्या मापाने छोट्या नळ्यांत वाटून, फॉइल गुंडाळून गोठवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. पांढरी प्लेट ट्यूबलाइटखाली राहिली की स्वतःच चमकते, तेव्हा यंत्रात 5 मिनिटं ठेवून मगच वाचा. हातमोजे कायम घाला, बोटांवरचं एटीपीसुद्धा कोऱ्या (एटीपी नसलेल्या) नमुन्यात उमटतं.