जुना आग्रा रोड, चौथी फेरी : सोनगीरच्या पुढे

झाली एकदाची जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याचे तुकडे शोधायची चौथी फेरी. मागच्या वेळेस उन्हाने पार वाट लावली होती म्हणून या रविवारी सकाळी सहालाच धुळ्यात पाच कंदील चौकात जमलो, पाच जण आणि तीन गाड्या. जागा मुद्दाम तीच, कारण हायवे गावाबाहेरून गेला तरी इथल्या बाजाराच्या रस्त्याला लोक अजून आग्रा रोडच म्हणतात.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1818 ला खानदेश कंपनी सरकारकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात बस्तान मांडलं, आणि पुढे मुंबई-आग्रा रस्ता इथूनच लळिंग, धुळे, सोनगीर, शिरपूर करत सेंधव्याकडे गेला. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळकडून निघून गेली. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो थेट 1900 साली, म्हणजे तोवर इथला कापूस बैलगाड्यांनीच जायचा. आपण शोधतोय ते त्या गाड्यांच्या वाटेचे तुकडे, जे चौपदरी हायवेने बाजूला टाकले किंवा गिळले.

आता माझी चूक. मागच्या लॉगमध्ये मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की एका गावातल्या मारुतीच्या ओट्याला लावलेला 'धुलिया 14' लिहिलेला दगड सापडला, म्हणजे जुना रस्ता याच गावातून जायचा. माघार! चौदा मैल म्हणजे साडेबावीस किलोमीटर, आणि जीपीएसवर ते गाव पडतं धुळ्यापासून पंचवीसच्या वर. मोजायला पाहिजे होतं तेव्हाच, पण दगड बघून डोकं फिरलं होतं, काय करणार. ओट्यावर बसलेल्या आबांना विचारलं तर म्हणाले, "हाऊ दगड मना आजानी गाडावर लई येल शे." म्हणजे दगड त्यांच्या आजोबांनीच गाड्यावर घालून आणलेला. झालं, विषय संपला.

म्हणून यावेळी मैलाचे दगड बाजूला ठेवले आणि मोऱ्या, म्हणजे ओहोळांवरचे छोटे दगडी पूल, शोधल्या. दगड लोक ओट्याला नेतात, कपडे धुवायला नेतात, मोरी कोण उचलून नेणार? टोपोशीटचा (सर्वेक्षणाचा) जुना, एका इंचाला एक मैल मापाचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून मोबाईलवर घेतला होता, त्यातली रेघ हायवे सोडून डावीकडे पऱ्हाट्यांच्या शेतात शिरते, तिथे मालकाला विचारून आत गेलो. दोनेकशे पावलांवर वेड्या बाभळीचं रान, कोयता एकच, आणि तो ज्याच्याकडे होता तो भाऊ फोटो काढण्यात गुंग! काटे खात आत शिरलो तर खाली ओहोळ आणि त्यावर कमान.

घडीव काळ्या दगडाची, एकच गाळा, मधला चावीचा दगड जरा पुढे आलेला. सांध्यातला चुना नखाने खरवडला तरी निघत नाही. आत टॉर्च मारला तर छिन्नीचे तिरपे घाव एका ओळीत, जणू काल कोणी उठून गेलं. वरून टेप लावला, कठड्यापासून कठड्यापर्यंत साडेबावीस फूट, म्हणजे दोन बैलगाड्या आरामात. एका बाजूचे कठड्याचे दगड गायब आहेत, ते कोणत्या बांधावर गेले असतील ते सांगायला नको.

रेघ धरून पुढे गेलो तर तीनशे मीटरवर दुसरी मोरी, ही अर्धी मातीत गाडलेली पण त्याच सरळीत. दोन बिंदू आले म्हणजे रस्त्याची दिशा पक्की, आणि ती ओट्याच्या गावाला चांगलीच बाजूला सोडून जाते. केएमएल फाइल (नकाशावर या खुणा दाखवणारी) अपडेट करून टाकलीय, मागची डिलीट करा प्लीज.

परतीला नरडाण्याच्या ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तिखट इतकं की अर्ध्या तासात कोणी मोजमापाचा शब्द काढला नाही.

पुढची फेरी सावळदे, तापीकाठ. पाऊस पडायच्या आत करू, नंतर काळ्या मातीत गाडी रुतली की झालंच. टेप पन्नास फुटीच आहे, कोणाकडे शंभरची असेल तर आणा, आणि कोयते दोन.